साडेबारा हजारांचं खोटं ग्राफिक्स कार्ड

ऑक्टोबर २०२१ मध्ये मी मुंबईत एक ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग, घेतलं. खोक्यावर, पंख्यावरच्या स्टिकरवर आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्येही त्याचं नाव एकच होतं, एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०५० टीआय. आतली चिप मात्र २०१० सालातली निघाली. जुन्या कार्डाचं बायोस, म्हणजे कार्डाच्या आतच साठवलेला त्याची ओळख सांगणारा प्रोग्रॅम, बदलून त्याला नव्या कार्डाचं नाव दिलेलं होतं. हा प्रकार आजही चालू आहे, जुन्या कार्डांच्या जाहिरातींत मला तसेच फोटो दिसतात. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी नाशिकला एका सीएंच्या ऑफिसात काम करते. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी, ही जीएसटीची विवरणपत्रं भरणं हे माझं नेहमीचं काम. धाकटा भाऊ तेव्हा बारावीला होता. लॉकडाऊनच्या दीड वर्षात मोबाइलच्या स्क्रीनवर शिकून त्याचे डोळे दुखायला लागले होते. त्याच्या अभ्यासाला आणि आम्हा दोघांच्या गेमिंगला मिळून एक कॉम्प्युटर स्वतः जोडायचा, असं मी ठरवलं. एकेचाळीस हजार साठवले होते. मॉनिटर घ्यायचा नव्हता, ऑफिसने काढून टाकलेला एक जुना एलसीडी सरांनी मला दिला होता. त्याला मागे फक्त व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीची केबल लावायचं पोर्ट होतं. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा.

ते दिवस ग्राफिक्स कार्डांच्या टंचाईचे होते. करोनात कारखान्यांची घडी विस्कटलेली, त्यात इथेरियमसारखी आभासी चलनं मिळवण्यासाठी लोक एकेका रॅकवर सहा-आठ कार्डं लावून बसलेले. २०१६ सालचं १०५० टीआय पाच वर्षांनी स्वस्त व्हायच्या ऐवजी महाग झालं होतं. नवं कार्ड मला पंधरा-सोळा हजारांच्या खाली कुणी सांगत नव्हतं.

भाऊ आणि मी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेलो. लोकलचं एका दिवसाचं तिकीट तेव्हा मिळत नव्हतं, म्हणून सीएसएमटीहून टॅक्सीने लॅमिंग्टन रोड गाठला. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच आहे. बहुतेक सामान एका जुन्या दुकानातून घेतलं. त्या काकांबद्दल मला आवर्जून सांगायचं आहे, कारण त्यांनी मला दोनदा सावध केलं. मी त्यातलं एकदाच ऐकलं.

पहिली गोष्ट एसएमपीएसची, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याची. मी निवडलेल्या कॅबिनेटबरोबर एक एसएमपीएस फुकट येत होता, वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं. काकांनी तो उलटा करून लेबलवरचा तक्ता दाखवला. १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर होते. "बारा गुणिले चौदा किती? एकशे अडुसष्ट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड याच बारा व्होल्टवर चालतात. बाकीचे वॅट खोक्यावर शोभेला." त्यांनी तो परत ठेवून दिला आणि ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचा ५५० वॅटचा दिला, ४,२०० रुपयांना. मी घेतला. तो आजही चालू आहे.

दुसरी गोष्ट प्रोसेसरची. माझ्या यादीत आय३-१०१००एफ होता. इंटेलच्या नावामागचा हा एफ म्हणजे आत डिस्प्लेची सोय नाही, ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. हे मला माहीत होतं. एफ नसलेला तोच प्रोसेसर दोन-अडीच हजारांनी महाग होता आणि कार्ड घ्यायचंच आहे तर ते पैसे वाया, असा माझा हिशोब. काका म्हणाले, "ताई, माझ्याकडे कार्ड नाही, दोन आठवडे तरी येणार नाही. एफ नका घेऊ. बिनएफचा घ्या, पोराचा अभ्यास चालू होईल. कार्ड सावकाश घ्या." त्यांनी एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर पण सुचवला. तो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला होता, त्याच्या आतल्या ग्राफिक्सवर व्हॅलोरंट आणि जीटीए व्ही हे गेम चालतात. पण तो माझ्या पैशांत बसत नव्हता. मी एफच घेतला. प्रोसेसर, मदरबोर्ड, आठ जीबी रॅम, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट मिळून २८,००० रुपयांचं पक्कं बिल झालं.

माझी फसवणूक त्या क्षणी सुरू झाली असं मी मानते. पुढचा माणूस भेटायच्या आधीच मी स्वतःला अशा जागी आणून ठेवलं होतं, की कार्ड न घेता घरी गेले तर २८,००० रुपयांचं सामान नुसतं पडून राहणार. हातात पिशव्या, बरोबर बारावीतला भाऊ, आणि संध्याकाळची पंचवटी पकडायची. अशा गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं, आणि ते वाचणारी माणसं बाजारात असतात.

चार-पाच दुकानांत "नाही" ऐकल्यावर एका माणसाने हटकलं, "ताई, कार्ड पाहिजे ना? चला." एका जुन्या इमारतीतला पहिल्या मजल्यावरचा छोटा गाळा. बाहेर पाटी होती, कार्डांची खोकी भिंतीला लावून ठेवलेली होती. त्याने १०५० टीआयचं खोकं काढलं. खोक्यावर ओळखीच्या कंपनीचं नाव नव्हतं. "इम्पोर्टचा माल आहे, म्हणून स्वस्त," तो म्हणाला. मी मागची पोर्ट पाहिली. एचडीएमआय, डीव्हीआय आणि व्हीजीए. मला इतका आनंद झाला! माझ्या जुन्या मॉनिटरला कन्व्हर्टर लागणार नव्हता.

तेच व्हीजीए पोर्ट बघून मी तिथून निघायला हवं होतं. एनव्हिडियाच्या १०५० टीआयची पिढी पास्कल, आणि पास्कलपासून कार्डांतून अ‍ॅनालॉग डिस्प्ले काढूनच टाकलेला आहे. म्हणजे त्या चिपमधून व्हीजीएचा सिग्नल निघतच नाही. शिवाय कार्डाच्या टोकाला सहा पिनांचं पॉवर कनेक्टर होतं. १०५० टीआय ७५ वॅटचं कार्ड आहे, मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणारी वीज त्याला पुरते. काही कंपन्यांनी जादा वेगाची म्हणून सहा पिनांची मॉडेलं काढली होती, त्यामुळे नुसत्या कनेक्टरवरून काही सिद्ध होत नाही. पण दोन्ही एकत्र दिसल्यावर शंका यायलाच हवी होती. मी सगळ्या कार्डांचे वेग पाठ केले होते, मागची पोर्ट कोणती असतात ते कधी पाहिलंच नव्हतं.

"कितीला?" "बिल पाहिजे तर १४,७५०. बिल नको तर १२,५००." साडेबारावर अठरा टक्के, हिशोब बरोबर होता. माझ्याकडे तेरा हजार उरले होते. "गॅरंटी?" "एक महिना रिप्लेसमेंट. हा आमचा शिक्का." त्याने कार्डाच्या मागे एक गोल स्टिकर चिकटवलं. पैसे यूपीआयने दिले. स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता एका माणसाचं नाव आलं, तेही मी पाहिलं आणि पुढे गेले. दिवसभर ऑफिसात लोकांना "पक्कं बिल आणा, कच्चं चालणार नाही" असं सांगते, आणि स्वतःच्या साठवलेल्या पैशांच्या वेळी मी बिल सोडलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

निघताना त्याने ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला लागणाऱ्या प्रोग्रॅमचा, एक पेनड्राइव्ह दिला. "यातलाच ड्रायव्हर टाका. नेटवरून अपडेट करू नका, कार्ड खराब होईल." हे वाक्य कुणी तुम्हाला म्हटलं, तर कार्ड तिथेच टेबलावर ठेवून या. खऱ्या कार्डाला कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर सहसा नडत नाही.

घरी दोन संध्याकाळी लावून आम्ही कॉम्प्युटर जोडला. पहिल्यांदा स्क्रीन उजळली तेव्हा आईनेही टाळ्या वाजवल्या. व्हॅलोरंट कमी सेटिंगवर चाललं. जीटीए व्ही मात्र सुरू होऊन पाच-सात मिनिटांत रस्ते, भिंती पुसट व्हायच्या, गेम अडखळायचा आणि बंद पडायचा. आम्हाला वाटलं रॅम कमी पडते. खरं कारण असं, की चार जीबी सांगणाऱ्या कार्डावर खरी मेमरी एकच जीबी होती. गेम चार जीबी समजून भरत जायचा आणि एक जीबी संपली की कोसळायचा.

अकराव्या दिवशी विंडोजने स्वतःहून ड्रायव्हर अपडेट केला आणि स्क्रीन काळी झाली. प्रोसेसर एफ, त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टला केबल लावूनही काही दिसेना. भावाची त्या आठवड्यात चाचणी परीक्षा होती.

आमच्या भागातल्या कॉम्प्युटर दुरुस्ती करणाऱ्या दादांनी सेफ मोडमधून तो ड्रायव्हर काढला, नेट बंद करून पेनड्राइव्हमधला टाकला आणि जीपीयू-झेड नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवला. फुकट आहे, इन्स्टॉलही करावा लागत नाही. ऑक्टोबर २०१८ पासून त्यात खोटी एनव्हिडिया कार्डं ओळखण्याची सोय आहे. नावाच्या रकान्यात, जीटीएक्स १०५० टीआयच्या अगोदर, चौकटी कंसात 'फेक' असा शब्द आला. शेडरच्या, म्हणजे चिपमधल्या गणना करणाऱ्या छोट्या भागांच्या, रकान्यात १९२. खऱ्या १०५० टीआयला ७६८ असतात. दादांनी हीटसिंक, म्हणजे चिप थंड ठेवणारा धातूचा भाग, उघडून त्याखालची पेस्ट पुसली, तर चिपवर जीएफ१०६ ने सुरू होणारा नंबर. ती जीटीएस ४५० ची चिप, सप्टेंबर २०१० ची. त्या पिढीच्या कार्डांसाठी एनव्हिडियाने नवे ड्रायव्हर काढणं २०१८ मध्येच थांबवलं आहे. नवा ड्रायव्हर १०५० टीआय समजून बोलायला गेला आणि समोर भलतंच कुणी होतं.

मी सुट्टी टाकून परत मुंबईला गेले. त्या माणसाने मला ओळखच दाखवली नाही. मग म्हणाला, कार्ड आमचं नाही. शिक्का दाखवल्यावर म्हणाला, हीटसिंक उघडलं, गॅरंटी संपली. बिल आहे का, असंही विचारलं. तो हा प्रश्न विचारणार हे त्याला साडेबारा हजार घेतानाच माहीत होतं.

इथे मला उशिरा कळलेली एक गोष्ट सांगते, कारण बिल नाही म्हणून बरेच जण गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये विकलेल्या मालाचं बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे. म्हणजे बिल नसणं हा विकणाऱ्याचाही दोष आहे. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. १९१५ या हेल्पलाइनवर फोन करता येतो. मात्र तुम्ही एखाद्या खासगी माणसाकडून त्याचं वापरलेलं कार्ड घेतलं असेल तर हा कायदा उपयोगी पडत नाही, तो धंदा करणाऱ्यासाठी आहे. तिथे पोलिसांत किंवा दिवाणी न्यायालयात जावं लागतं.

माझ्याकडे यूपीआयची नोंद होती. कार्ड घेतल्यावर गाळ्यातच काढलेला भावाचा फोटो होता, हातात खोकं आणि मागे दुकानाची पाटी. ऑफिसमधल्या ओळखीच्या वकिलांनी या दोन्हींच्या प्रती जोडून रजिस्टर्ड नोटीस पाठवली. आठव्या दिवशी त्या माणसाचा फोन आला, "मॅडम, कशाला एवढं?" शेवटी सहा हजार परत देतो, विषय संपवा, असं म्हणाला. परीक्षा तोंडावर, मुंबईच्या खेपांचा खर्च वाढत चाललेला. मी सहा हजार घेतले. आयोगात जायला हवं होतं असं आता वाटतं, कारण तो गाळा पुढेही चालूच राहिला.

भावाच्या एका मित्राने सुचवलं होतं की ते कार्ड ऑनलाइन टाका, आठ हजार सहज येतील. भाऊ क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मी कार्डावर मार्करने दोन्ही बाजूंनी 'बनावट' असं लिहिलं आणि कपाटात ठेवलं. अजून तिथेच आहे. दोन-अडीच हजार घालून एफ बदलता आला असता का, हे विचारायला मी लॅमिंग्टन रोडच्या त्या काकांना फोन केला. वापरलेला प्रोसेसर परत घेत नाहीत, पण त्यांनी त्यांच्याकडचं एक जुनं, साधं डिस्प्ले कार्ड कुरिअरच्या खर्चात पाठवून दिलं. भावाची बारावी त्यावर झाली.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने कार्डांवर चलन मिळवण्याची पद्धत बंद केली आणि जुनी कार्डं ढिगाने विक्रीला आली. जानेवारी २०२३ मध्ये मी एएमडीचं आरएक्स ५८० हे ग्राफिक्स कार्ड वापरलेलं शोधायला लागले. त्यातही एक गोम आहे. चीनच्या बाजारासाठी निघालेलं एक आरएक्स ५८० आहे, त्यात शेडर २०४८, म्हणजे आरएक्स ५७० इतकेच. खऱ्याला २३०४ असतात. ते बनावट नाही, एएमडीचंच आहे, पण विकताना लोक फरक सांगत नाहीत आणि किंमत पूर्ण लावतात.

कार्ड विकणाऱ्या पहिल्या मुलाच्या घरी गेले, नाशिक रोडला. पेनड्राइव्हवरून जीपीयू-झेड चालवलं, २०४८ दिसले. त्याला खरंच माहीत नव्हतं, त्यालाही कुणीतरी तसंच विकलं होतं. मी त्याला आकडा दाखवला आणि परत आले. दुसऱ्या ठिकाणी, नाशिकच्याच पंचवटी भागात, २३०४ दिसले. अर्धा तास गेम लावून बसले, तापमान पाहिलं, तिन्ही पोर्टना केबल लावून पाहिली. त्या मुलाच्या आईने तोवर चहा केला. ७,५०० ठरले. त्याच्याकडे मूळ बिल नव्हतं. मग मी त्याला वहीचं पान फाडायला सांगितलं आणि त्याने कार्डाचा सिरीयल नंबर, रक्कम, तारीख लिहून खाली सही केली. पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवरचं नाव मी मोठ्याने वाचलं. तो म्हणाला, "हो ताई, मीच."