चांपानेरच्या अवशेषांभोवती लॉन की रानगवत?

दांडिया बाजारात राहणारी माझी भाची लँडस्केप आर्किटेक्चर शिकते. प्रोजेक्टसाठी तिने बडोद्याहून जवळचं चांपानेर, हे गुजरातमधलं जुनं, आता भग्न झालेलं शहर निवडलं आणि अडली ती इथे: भग्न भिंतींभोवती लॉन करावं, की मारवेलसारखं स्थानिक गवत आणि तरवडाची झुडपं?

पाण्याचं उत्तर सोपं आहे. लॉनला उन्हाळाभर पाणी द्यावं लागतं. मारवेल एकदा रुजलं की पावसावर तगतं. चांपानेर मुळात तलाव, वाव (पायऱ्यांच्या विहिरी) आणि टाक्यांत पाऊस साठवून जगलेलं शहर, तिथे नळी फिरवत बसणं मला पटत नाही.

पण खरा प्रश्न दगडाचा. लॉनची ओल वालुकाश्मात वर चढते, सोबत क्षार नेते. पाणी उडून गेलं की क्षारांचे स्फटिक दगड आतून फोडतात. अशा एका भिंतीच्या पायथ्याशी मी बोट फिरवलं, तर पांढरी भुकटी आणि वाळूचे कण हाताला लागले. जीव हळहळला. म्हणून भिंतीलगत दोन्ही नकोत. तिथे खडीचा पट्टा आणि पाण्याला बाहेरचा उतार हवा.

मेहनत रानगवतालाही आहेच. बी झडल्यावर कापणी केली नाही, तर उन्हाळ्यात वणव्याची भीती. सांध्यांत उगवलेले पिंपळ-वड मात्र दोन्हीकडे रोपटं असतानाच काढायचे.

शाळेच्या सहली जिथे डबे उघडतात, तिथे भिंतींपासून लांब लॉनचा लहान तुकडा चालेल. बाकी उघड्या अवशेषांना रानगवतच.