तरंगत्या कॉटेजमध्ये बुडालेले 53,100 रुपये

मी नौपाड्यात एका सीएच्या ऑफिसात कामाला आहे. आधी व्हॅटची रिटर्नं भरायचे, 2017 पासून जीएसटीची भरते. हे आधीच सांगून टाकते. कारण पुढचं वाचून "शिकल्यासवरल्या माणसाला एवढंही कळू नये?" असं कुणाला म्हणायचं असेल, तर ते माझ्या नणंदेचं म्हणून झालंय. दोनदा.

गोष्ट 2025 च्या ऑगस्टमधली. 15 ऑगस्ट शुक्रवारी, 16 ला दहीहंडी, 17 ला रविवार. दहीहंडीला ठाण्यात ज्याचं घर रस्त्याला लागून आहे त्याला वेगळं सांगायला नको. आमच्या पाचपाखाडीच्या घरात सकाळपासून खिडक्यांच्या काचा थरथरतात, त्या रात्रीपर्यंत. सासूबाई 76 वर्षांच्या, बीपीच्या गोळ्या चालू. आदल्या वर्षी त्यांनी तो दिवस कानात कापूस घालून न्हाणीघरात स्टूलवर बसून काढला होता. या वर्षी त्यांना कुठंतरी शांत ठिकाणी न्यायचंच, असं मी ठरवलं होतं.

ते ठिकाणही मनात पक्कं होतं. सासूबाईंचं माहेर जावळीतलं, कोयनेच्या खोऱ्यातलं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्या दहा-बारा वर्षांच्या. गाव धरणाच्या तलावाच्या, म्हणजे शिवसागराच्या तळाला गेलं आणि तिथली माणसं उठून कुणी ठाण्याकडे, कुणी रायगडकडे आली. लोक "आमचं गाव साताऱ्याला" म्हणतात त्याच सुरात आई "आमचं गाव पाण्यात" म्हणतात. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण ते पाणी बघायला त्यांना न्यायचं काही जमलं नव्हतं.

जुलैच्या शेवटी एका रात्री मोबाईलवर एक रील आली. हिरवंगार जंगल, मध्ये तळं, तळ्यावर लाकडी खोल्यांची तरंगती रांग, मागे धुकं. खाली लिहिलेलं: सह्याद्रीचं वर्षावन, शिवसागर तलाव, बामणोलीजवळ. आता गंमत बघा. त्या पानावर कोयनेबद्दल लिहिलेलं जवळजवळ सगळं खरं होतं. कोयना अभयारण्य 1985 चं, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 चा, पश्चिम घाट 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत. मी एकेक शोधून पाहिलं आणि प्रत्येक गोष्ट बरोबर निघाली. मग वाटलं, एवढं खरं लिहिणारा रिसॉर्टबद्दल कशाला खोटं लिहील? जे सहज तपासता येतं ते सगळं त्यांनी खरं ठेवलं होतं. खोटी गोष्ट एकच होती आणि नेमकी तीच मी तपासली नाही.

फोन केला. माणूस अतिशय नम्र. दर फार स्वस्त असता तर मी सावध झाले असते, पण दर अगदी बेताचा होता: कॉटेजला रात्रीचे 4,500, दोन वेळचं जेवण धरून. वर वासोटा किल्ल्याला नेणारी बोट फुकट. दोन कॉटेज, दोन रात्री, म्हणजे 18,000. आई शेजारीच बसल्या होत्या, म्हणाल्या, "मला दे." आणि विचारलं, "बामणोलीच्या कंच्या अंगाला रं तुमचं हाटेल? तापोळ्याकडं का कासकडनं येताना?"

तो म्हणाला, "लेक व्ह्यू साईडला, आजी."

मला हसू आलं. आई हसल्या नाहीत. फोन परत देताना एवढंच म्हणाल्या, "ह्याला पाणी म्हाईत न्हाई." मी ते कानाआड केलं. बाईला साठ वर्षांपूर्वीच्या पायवाटा आठवतात, रिसेप्शनवरच्या पोराला कशा माहीत असतील, असा माझा विचार.

व्हॉट्सअ‍ॅपवर बिल आलं. लोगो, पत्ता, अटी, चेक-इनची वेळ, जीएसटी नंबर, सगळं जिथल्या तिथं. त्यात जीएसटी लावला होता 18 टक्के, म्हणजे 3,240. एकूण 21,240. हे मात्र मला खटकलं, कारण तेव्हा रात्रीला 7,500 पर्यंतच्या खोलीला 12 टक्के होता. (पुढे 22 सप्टेंबरपासून तो 5 झाला.) मी त्याला फोन करून चूक दाखवली. तो म्हणाला, "मॅडम, सीझन रेट आहे." जीएसटीला सीझन नसतो हे मला झोपेतसुद्धा माहीत आहे. तरी मी काय समजले? छोटा रिसॉर्ट आहे, अकाउंटंट कच्चा असेल. गेल्यावर त्याला समजावून सांगू! मंगळवारी, 5 ऑगस्टला निम्मी रक्कम, 10,620 रुपये, यूपीआयने पाठवली. पैसे पाठवताना स्क्रीनवर रिसॉर्टचं नाव आलं नाही, एका बाईंचं नाव आलं. विचारलं, तर म्हणाला, "आमच्या अकाउंट्सच्या मॅडम आहेत."

शुक्रवारी, 8 तारखेला, संध्याकाळी पावणेसातला त्याचा फोन. दुसऱ्या दिवशी राखीपौर्णिमा. मी गोखले रोडवर राख्या घेत उभी, एका हातात छत्री, एका हातात पिशवी. हा वार आणि ही वेळ त्याने उगाच निवडली नव्हती, हे मला नंतर उमगलं. 9 तारीख दुसरा शनिवार, 10 ला रविवार, म्हणजे दोन दिवस बँक बंद.

म्हणाला, "मॅडम, तुमचं बुकिंग सिस्टिममध्ये अडकलंय. अर्धं पेमेंट सिस्टिम घेत नाही. पूर्ण 21,240 एका वेळी टाका, जुने 10,620 पाच मिनिटांत आपोआप परत येतील. नाहीतर रूम दुसऱ्याला जाईल, वेटिंगवर तीन फॅमिली आहेत." दुकानाच्या पायरीवर बसून मी पाठवले. लगेच म्हणाला, "अरे मॅडम, रिमार्कमध्ये बुकिंग नंबर टाकला नाहीत का? आता हे पण होल्डला गेलं. नंबर टाकून परत एकदा करा, मग दोन्ही रिव्हर्स होतील. आणि कॉल कट करू नका, सेशन एक्सपायर होईल."

हा जो "कॉल कट करू नका" आहे ना, सगळी करामत त्यातच. फोन चालू असेपर्यंत दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. नवऱ्याला नाही, सासूला नाही, शेजारच्या राखीवाल्यालाही नाही. कानात तो एकच आवाज, शांत, अदबशीर, आणि तुमच्याच पैशांची तुमच्यापेक्षा जास्त काळजी करणारा. शिवाय आधीचे 31,860 अडकलेत, ते सोडवायचेत, हे डोक्यात. मी आणखी 21,240 पाठवले. आता हे लिहिताना बोटं अडखळतात, पण पाठवले.

मग तो म्हणाला, "मॅडम, आता तुमचे टोटल 53,100 रिफंडला लागले. त्यावर 18 टक्के जीएसटी, 9,558, तेवढे भरा की लगेच रिलीज."

रिफंडवर जीएसटी!

तिथे मी भानावर आले. शहाणपण वगैरे काही नव्हतं, नुसती नोकरीची सवय. फोन ठेवला, रिक्षा केली, घरी आले. त्याचे लागोपाठ अकरा मिस्ड कॉल आणि मग एकदम सन्नाटा. ते रीलवालं पानही दिसेनासं झालं.

त्या रात्री बिल मोठं करून पाहिलं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं पॅन. मग एक नोंदणीचा आकडा, मग बहुतेक वेळा इंग्रजी झेड आणि शेवटचं पडताळणीचं अक्षर. मी स्क्रीनवर बोट ठेवून मोजले. चौदा भरले. पुन्हा मोजले. चौदाच. रोज असे पन्नास नंबर माझ्या डोळ्यांखालून जातात, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर मी गिऱ्हाइकाला फोन करून ओरडते. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता, फुकट, कुठलाही नंबर टाकून तो कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. अर्ध्या मिनिटाचं काम. ऑफिसात करते. घरच्या सहलीसाठी करावंसं वाटलं नाही.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, 1930 ला, फोन लावला तेव्हा आठ वाजून गेले होते. लाईन चौथ्या खेपेला लागली. समोरच्या बाईंनी पहिल्यांदा विचारलं ते यूपीआयच्या व्यवहाराचे बारा आकडी संदर्भ क्रमांक, आणि माझं पासबुक सापडेना, अ‍ॅपमध्ये हिस्टरी कुठे तेही सुचेना. तुमच्यावर ही वेळ आली तर फोन लावायच्या आधी तिन्ही-चारही व्यवहारांचे क्रमांक, वेळ आणि रक्कम कागदावर उतरवून घ्या. त्या गडबडीत माझी दहा मिनिटं गेली. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवलं जातं आणि खात्यात जे उरलं असेल ते रोखून धरतात. पण ते लोक पैसे एका खात्यात ठेवत नाहीत, लगेच पुढे, तिथून आणखी पुढे ढकलतात. म्हणून इथे खरी किंमत मिनिटांना असते. मेसेजवर तक्रारीचा क्रमांक आला, मग सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर सगळं पुन्हा भरलं, स्क्रीनशॉट जोडले. सोमवारी जवळच्या पोलीस ठाण्यात. भारतीय न्याय संहितेचं कलम 318, म्हणजे फसवणूक, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 ड, म्हणजे संगणक-मोबाईल वापरून तोतयेगिरीने केलेली फसवणूक.

बँकेत मला वाटलं होतं की रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे, तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी नाही. काउंटरवरच्या मुलाने सौम्यपणे सांगितलं, "मॅडम, तो तुमच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी. इथे पिन तुम्हीच टाकलाय." बोलला ते खरंच होतं. त्याच्याशी भांडायलाही जागा नव्हती.

मग ऐरोलीहून माझा भाचा आला. पोरगा सगळे किल्ले पालथे घालतो, वासोटाही केलेला. मी जपून ठेवलेला फोटो त्याला दाखवला, त्याने दोन बोटांनी मोठा केला आणि म्हणाला, "मामी, हे मागचे सुळके बघ. असे भिंतीसारखे उभे, पांढुरके, वर झाडं लोंबणारे. ही चुनखडी आहे. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, थरांचा, वर सपाट. कोयनेत असले सुळके कुठून आले?" फोटोवरून शोध घेतला तर निघालं थायलंड. खाओ सोक राष्ट्रीय उद्यान, तिथला चिओ लान तलाव, त्यावरच्या तरंगत्या खोल्या. खरोखरचं वर्षावन, खरोखरचा तलाव, फक्त समुद्रापारचा. आणि तोही धरणाचाच, 1980 च्या दशकात बांधलेल्या. त्याच्याही तळाशी कुणाची तरी गावं असतील. हे आईंना सांगितलं, तर त्या बराच वेळ फोटो बघत बसल्या.

बामणोलीच्या एका बोटवाल्याचा नंबर भाच्याकडे होता. त्याला फोन केला तर तो वैतागलेलाच. "ताई, ह्या महिन्यातला तुमचा पाचवा फोन. असलं रिसॉर्ट हितं न्हाई. आणि वासोट्याची बोट पावसाळ्यात बंद असती, ऑगस्टात कोण नेतंय?" म्हणजे त्या पॅकेजातली फुकट बोटसुद्धा वर्षाच्या ज्या काळात चालतच नाही त्या काळातली. हा एक फोन मी पैसे पाठवायच्या आधी केला असता तर! आता मी ओळखीतल्या सगळ्यांना हेच सांगते. रिसॉर्टवाल्याने दिलेल्या नंबरावर रिसॉर्टची चौकशी करून काय उपयोग? तिथल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारा. चहाच्या टपरीवाल्याला, ग्रामपंचायतीत, बोटवाल्याला, खानावळीत. गावात तीस खोल्यांचं हॉटेल असेल आणि शेजाऱ्याला माहीत नसेल, असं होत नाही.

पैशांचं सांगायचं तर 12,300 रुपये दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात अडकलेले सापडले. ते परत मिळायला अर्ज आणि कोर्टाचा आदेश, चार-पाच महिने गेले, पण मिळाले. बाकीचे 40,800 गेले. ज्यांच्या नावाचं पहिलं खातं होतं त्या बाईंनी म्हणे कुणाला तरी महिन्याला ठरावीक पैसे घेऊन ते वापरायला दिलं होतं. त्यांनाही पोलिसांचा फोन गेला. आपलं खातं, पासबुक, सिमकार्ड असं भाड्याने देणारे आपल्या आसपासही आहेत, आणि त्यांना वाटतं आपण काही चोरी करत नाही.

तो 16 ऑगस्ट आम्ही घरातच काढला. वर्तकनगरात कोकणनगरच्या गोविंदांनी दहा थर लावले, टीव्हीवर दाखवत होते. आणि खालच्या डीजेने आमच्या काचा वाजत होत्या. आई न्हाणीघरात गेल्या नाहीत, कापूस घालून टीव्हीसमोर बसल्या. मध्येच म्हणाल्या, "तसंबी पावसाळ्यात जाऊन काय दिसणार हुतं? पानी भरल्यालं. मे महिन्यात उतारतं, तवा जायाचं."

मग मी तेच ठरवलंय. मेमध्ये एसटीने सातारा, मेढ्याला आईंच्या चुलतभावाकडे मुक्काम, आणि एक दिवस बामणोली. बोटवाल्याला ॲडव्हान्स पाठवू का विचारलं, तर म्हणाला, "आदल्या दिवशी फक्त फोन करा. म्हाताऱ्या बाईला उन्हाच्या आत परत आणायचं, म्हणून साडेसातला निघू."