एमएच पासिंग की बीएच? बदलीच्या नोकरीत गाडी घेणाऱ्यांसाठी

गाडीचं मॉडेल ठरलं, रंग ठरला, कर्जही मंजूर झालं, की शोरूममधला मुलगा शेवटचा प्रश्न टाकतो, "सर, पासिंग कुठलं करायचं?" बहुतेकांसाठी याचं उत्तर राहत्या जिल्ह्याचा नंबर एवढंच असतं. पण तुम्ही बँकेत, रेल्वेत, लष्करात किंवा चार-पाच राज्यांत ऑफिसं असलेल्या कंपनीत असाल, तर तिथे दोन मिनिटं थांबून विचार करा. मी दोन्ही प्रकारच्या गाड्या वापरल्या आहेत. पहिली २०१५ साली घेतलेली, माझ्या जिल्ह्याच्या एमएच पासिंगची. दुसरी २०२२ च्या ऑक्टोबरात पुण्यात घेतलेली, २२ बीएच. बीएच म्हणजे 'भारत' मालिका, राज्य बदललं तरी हा नंबर बदलावा लागत नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण ऑफिसात दर आठवड्याला कोणीतरी मला हेच विचारतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात बदली होत असेल तर बीएचची काहीच गरज नाही. एमएच ०९ ची गाडी कोल्हापुरातून नागपूरला नेली म्हणून तिचा नंबर एमएच ३१ होत नाही. आरसीवरचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचा, पत्ता तेवढा बदलून घ्यायचा. प्रश्न येतो तो राज्याची सीमा ओलांडल्यावर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. बेळगाव-कोल्हापूर किंवा सावंतवाडी-पणजी अशी रोज ये-जा करणाऱ्यांचा यात समावेश नाही, त्यांची गाडी रात्री आपल्या दारात परत येते. हे प्रकरण बिऱ्हाड हलवणाऱ्यांचं आहे.

आमचं बिऱ्हाड २०१८ मध्ये बंगळुरूला हललं. एमएचची गाडी तिथे चालवण्यात पहिले काही महिने मला आनंदच वाटायचा. सिग्नलला शेजारची दुचाकी थांबायची, हेल्मेटची काच वर व्हायची आणि आतून प्रश्न यायचा, "कुठले तुम्ही?" परगावी आपल्या जिल्ह्याचे दोन आकडे दिसले की माणूस आपोआप मराठीत बोलायला लागतो. बीएच प्लेटमध्ये हे सुख नाही. तिच्यावर आधी वर्षाचे दोन आकडे, मग बीएच, मग चार आकडी नंबर आणि शेवटी इंग्रजी अक्षरं. गाव नाही, जिल्हा नाही, राज्यही नाही. ज्यांच्यासाठी एमएच १० किंवा एमएच ११ म्हणजे ओळख आहे, त्यांना याचं वाईट वाटणार आणि ते वाटणं खरं आहे.

आवडीच्या नंबरचंही तसंच. एमएचमध्ये जादा शुल्क भरून हवा तो आकडा घेता येतो. कुणाला घरातल्या सगळ्या गाड्यांना एकच नंबर हवा असतो, कुणाला जन्मतारीख, कुणाला देवनागरीत 'राम' वाचता येईल असा २१४. (तसा आकार देऊन रंगवलेली प्लेट नियमात बसत नाही, आणि एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबर प्लेट, आल्यापासून ती हौस तशीही संपली आहे.) बीएचमध्ये संगणक देईल तो नंबर घ्यायचा. माझ्या बायकोला नऊ बेरजेचा हवा होता, तो मिळाला नाही.

करात मात्र दोन्हींचा हिशेब मुळातच वेगळा आहे. एमएचमध्ये खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२ आणि त्यावर १३ टक्के कर एकरकमी जातो, डिझेलला दोन टक्के जास्त. बीएचचे दर दहा लाखांखाली ८, वीसपर्यंत १० आणि त्यावर १२ टक्के. डिझेलला दोन टक्के जास्त, विजेच्या गाडीला दोन टक्के कमी. शिवाय हा दर जीएसटी वगळलेल्या किमतीवर लागतो आणि कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांत भरायचा असतो. माझ्या गाडीला पहिल्या खेपेला दहा हजारांच्या आत काम झालं. तीच गाडी एमएच केली असती तर नव्वद हजारांच्या पुढे एका फटक्यात गेले असते. चौदा वर्षांनी बीएचचा कर दरवर्षी आणि निम्म्या दराने भरायचा असतो. एवढी वर्षं मी ही गाडी ठेवीन की नाही, आज सांगता येत नाही.

विजेची गाडी घेणार असाल तर हा हिशेब उलटतो. महाराष्ट्रात तिला मोटार वाहन कर माफ आहे, बीएचमध्ये कमी दराने का होईना, भरावा लागतो. तुमची पुढची काही वर्षं महाराष्ट्रातच जाणार असतील तर विजेच्या गाडीला मी एमएचच सुचवीन.

पण माझा निर्णय टक्केवारीवर झाला नाही. तो झाला जुन्या गाडीच्या कराच्या परताव्यावर.

परराज्यात नंबर बदलायचा तर आधी मूळ आरटीओकडून एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, फॉर्म २८ वर. गाडीवर कर्ज असेल तर त्याआधी बँकेची एनओसी. माझी बँक म्हणजे माझं स्वतःचं ऑफिस, तरी त्या कागदाला तीन आठवडे लागले. मग चेसिस प्रिंट. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना सांगतो, चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, कोरलेला नंबर कागदावर उतरवून द्यावा लागतो. मे महिन्यात दुपारी बारा वाजता मी गाडीखाली हात घालून त्या नंबरावर पेन्सिलचं शिसं घासत होतो, वर चिकटपट्टी दाबून ती अलगद सोलत होतो आणि अर्जावर चिकटवत होतो. पहिल्या दोन वेळा शेवटचे आकडे उमटलेच नाहीत. तिसऱ्यांदा उमटले तेव्हा बोटं काळी आणि शर्टाला ग्रीस. अशा तीन प्रती लागल्या.

एवढ्यावरही माझी तक्रार नव्हती. चोरीची गाडी दुसऱ्या राज्यात खपवली जाऊ नये म्हणून ही तपासणी हवीच. कर्नाटकात नव्याने कर भरला, गाडीच्या वयाप्रमाणे त्यात सूट मिळाली. तरी कर्नाटकाचा दर देशातल्या चढ्या दरांपैकी आहे, पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के आणि त्यावर वीस लाखांपर्यंत १७. आता एकाच गाडीचा कर दोन राज्यांच्या तिजोरीत जमा झाला होता. महाराष्ट्राला पंधरा वर्षांचा भरलेला, त्यातली चारच वर्षं वापरलेली. उरलेल्या वर्षांचा परतावा मिळतो, पण तो तुम्ही मागितल्यावर, आणि जिथे भरला तिथेच.

म्हणजे नव्या राज्याची आरसी हातात आली की तिची प्रत, एनओसीची प्रत, कराची जुनी पावती आणि रद्द केलेला चेक घेऊन सहाशेहून जास्त किलोमीटर उलटं जायचं. मी रात्रीच्या बसने गेलो. खिडकीवर सांगण्यात आलं की पावतीची मूळ प्रत हवी. ती आईच्या घरी कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली सापडली. दुसऱ्या खेपेला संबंधित कर्मचारी रजेवर. तिसऱ्या खेपेला कळलं की माझी सही मूळ अर्जावरच्या सहीशी जुळत नाही. चार वर्षांत माझी सही आखूड झाली होती, बँकेत दिवसाला शंभर सह्या करणाऱ्याची होतेच. चौथी खेप माझ्या भावाने अधिकारपत्र घेऊन केली. पैसे खात्यात आले तेव्हा अर्जाला चौदा महिने होऊन गेले होते. रक्कम वीस हजारांच्या आसपास होती. प्रवासाचं भाडं आणि चार रजा त्यातून वजा केल्या की काय उरतं, ते मी मांडून पाहिलं नाही.

माझा अनुभव एका गाडीचा आणि एका कार्यालयाचा आहे. तेव्हापासून बरीच कामं परिवहनच्या पोर्टलवर गेली आहेत, तुमचा परतावा दोन महिन्यांतही मिळेल कदाचित. पण २०२२ मध्ये माझी बदली पुण्याला झाली आणि तीच गाडी आता कर्नाटकाची एनओसी काढून परत एमएच करायची, पुन्हा कर, पुन्हा परतावा, पुन्हा ती पेन्सिल, या विचारानेच मी गाडी बंगळुरूत विकून टाकली. चांगली गाडी होती. फक्त नंबरासाठी विकली, याचं अजून वाईट वाटतं.

बीएच मालिका केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केली आणि १५ सप्टेंबरपासून लागू केली. पुण्यात शोरूममध्ये मी तिचं नाव काढलं तेव्हा तिथल्या मुलाने आधी टाळाटाळ केली, "सर, त्यात फार वेळ जातो." माझ्याबाबतीत नेहमीपेक्षा आठवडाभर जास्त गेला असेल. सरकारी नोकरीत असाल तर ओळखपत्र चालतं. खासगी कंपनीत असाल तर फॉर्म ६० वर कंपनीचं प्रमाणपत्र लागतं, आणि कंपनीची कार्यालयं किमान चार राज्यांत किंवा केंद्रशासित प्रदेशांत असायला हवीत. तुमच्या एचआरला हा फॉर्म माहीत नसण्याची शक्यता आहे, तेव्हा गाडी बुक करण्याआधी तो भरून घ्या, नंतर नाही.

२०२४ मध्ये पुन्हा बदली झाली, या वेळी हैदराबाद. सामानाचा ट्रक पुढे गेला, आम्ही सोलापूरमार्गे गाडीने मागून. आरटीओशी संबंधित एकही काम निघालं नाही. पंधरा दिवसांनी सोसायटीच्या गेटवरच्या पहारेकऱ्याने वही पुढे करून विचारलं, "ये कौन सा स्टेट है?" त्या वहीत राज्याचा रकाना होता आणि तो माझ्यापुढे कोराच राहिला. अशी बारीकसारीक अडचण येते. एका पार्किंगच्या ॲपने माझा नंबर चुकीचा म्हणून नाकारला, कारण त्याला पहिली दोन अक्षरं हवी होती आणि माझे पहिले दोन आकडे आहेत. पण पोलिसांनी एकदाही अडवलं नाही, आणि 'इथे किती महिने झाले, पुरावा दाखवा' हा बंगळुरूत दोनदा झालेला संवाद इथे झालेला नाही.

बीएचची खरी जोखीम तारखेची आहे. दोन वर्षांनी कर भरायचा विसरलात तर रोज शंभर रुपये दंड चढतो. एमएचवाल्याला एकदा भरलं की पंधरा वर्षं डोक्याला ताप नाही, हे मान्यच करायला हवं. घरात कागदपत्रांची शिस्त नसेल, किंवा गाडी मुख्यतः वयस्कर आईवडील वापरणार असतील, तर याचा गांभीर्याने विचार करा.

विक्रीच्या वेळीही बीएचला थोडा त्रास आहे. घेणारा बीएचला पात्र नसला तरी व्यवहार होतो, डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीने ते स्पष्ट झालं आहे, पण त्याला आपल्या राज्याचा नंबर घेऊन तिथला कर भरावा लागतो. जुन्या गाड्यांचा व्यापारी तेवढे पैसे भावात कापणार. मी अजून विकलेली नाही, त्यामुळे किती कापतात ते अनुभवाने सांगू शकत नाही. प्लेटवर वर्षच लिहिलेलं असल्याने गाडीचं वय मात्र लपत नाही.

तुमची नोकरी एका जागची असेल, किंवा निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असतील आणि गावीच परतायचं असेल, तर आपल्या जिल्ह्याचं पासिंग घ्या, आवडता नंबर घ्या, मनात काही ठेवू नका. दहा वर्षांत दोनदा जरी राज्य बदलण्याची शक्यता असेल, तर मी तुमच्या जागी असतो तर बीएच घेतलं असतं. आणि एमएचची गाडी आधीच दारात असेल तर तीही बीएच करून घेता येते, हीसुद्धा २०२२ च्याच दुरुस्तीतली सोय. माझी पहिली गाडी विकून जेमतेम काही महिने झाले होते तेव्हा ती आली.

माझ्या गाडीचा पुढचा कर ऑक्टोबर २०२६ मध्ये आहे. आरसीच्या प्लास्टिकच्या पाकिटात मागच्या बाजूला मी तारीख लिहून ठेवली आहे, बायकोच्या फोनवर आठवण लावली आहे, आणि या वेळी पावतीची मूळ प्रत आईच्या कपाटात नाही, गाडीच्याच फाइलमध्ये आहे.