रिब प्रोटेक्टर, सात महिन्यांनंतर: पट्टा उसवला, बरगड्या वाचल्या, लॅप साडेचार सेकंदांनी उतरली

मार्चच्या शेवटच्या शनिवारी, गो-कार्टिंगच्या ट्रॅकवर दुसऱ्या सेशनच्या चौथ्या लॅपला, म्हणजे फेरीला, हेअरपिन (जवळजवळ उलटं फिरवणारं वळण) घेताना डाव्या कुशीला एकदम मोकळं लागलं. पुढच्या वळणावर सीटची कड थेट बरगडीला लागली आणि श्वास अडकला. पिटमध्ये, म्हणजे कार्ट थांबवायच्या जागी, येऊन पाहिलं तर प्रोटेक्टरचा डावा पट्टा मुळापासून उसवून लोंबत होता. ५,२०० रुपयांची वस्तू साडेचार महिन्यांत गेली. आमच्या ट्रॅकवर दहा लॅपचं एक सेशन ६०० रुपयांना पडतं, म्हणजे साडेआठहून जास्त सेशनचे पैसे. मी महिन्याला चारच सेशन करते, त्यामुळे हा हिशेब मला लगेच सुचतो.

रिब प्रोटेक्टर म्हणजे बरगड्यांभोवती पट्ट्यांनी बांधायचं, आतून फोम असलेलं कडक कवच. आता सरळ अनुभवाकडे वळते.

गणपतीनंतर मी भाड्याची कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी उघडी गाडी, चालवायला लागले. आमचा ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरतो. अकरा वळणांपैकी सात उजवी आहेत, म्हणजे अंग सतत डावीकडे फेकलं जातं. कार्टला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे प्रत्येक धक्का चाकातून चौकटीत, चौकटीतून सीटमध्ये आणि सीटच्या कडेतून बरगडीत जातो. ऑक्टोबरमध्ये हसलं तरी डावी बाजू दुखायची. डॉक्टरांनी फोटो काढून फ्रॅक्चर नसल्याचं सांगितलं आणि तीन आठवडे घरी बसवलं. दिवाळीत मी प्रोटेक्टर घेतला.

नोव्हेंबरात मला कुणी विचारलं असतं तर मी दहापैकी दहा दिले असते. कडक कवच धक्का एका बिंदूवर न ठेवता सगळ्या कुशीवर पसरवतं, आणि तो फरक पहिल्याच वळणाला कळतो. दुखणं गेलं. ५८.९ सेकंदांची माझी लॅप दोन आठवड्यांत ५७.१ वर आली. भीती कमी झाली म्हणून पाय ॲक्सिलरेटरवर टिकायला लागला, एवढंच त्यामागचं कारण होतं. हे मला नंतर कळलं, कारण त्यापुढे जानेवारी संपेपर्यंत सेकंदाचा एक दशांशही कमी झाला नाही.

दोष मी कार्टला देत होते. सात नंबरची मिळाली की चिडायचे, बारा नंबर मिळावी म्हणून रांगेत मागे सरकायचे. एके दिवशी ट्रॅकवरचे मेकॅनिकदादा म्हणाले, “ताई, तुम्ही स्टीअरिंगला लटकता. हात बघा.” तळव्याला बोटांच्या मुळाशी घट्टे पडले होते. माझं वजन ५४ किलो, आणि सीट मोठ्या माणसाच्या मापाची. वळणात अंग घसरू नये म्हणून मी स्टीअरिंग घट्ट धरून स्वतःला सावरत होते. ज्या हातांनी पुढची चाकं वळवायची त्यांच्यावरच सगळा भार. वळणाच्या मधोमध स्टीअरिंग हलकं होतं किंवा जड होतं, ते मला जाणवतच नव्हतं.

दादांनी काउंटरमागून कार्टच्या सीटमध्ये बसवायची फोमची सीट आणून दिली. ती तिथे पहिल्या दिवसापासून होती आणि फुकट मिळते. मी कधी मागितली नव्हती आणि कुणी सांगितलंही नव्हतं. नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: प्रोटेक्टर, हातमोजे, बूट यांतलं काहीही विकत घेण्याआधी काउंटरवर फोम मागा. बसल्यावर कंबर आणि मांड्या हलता कामा नयेत, आणि स्टीअरिंग हातात घेतल्यावर कोपरं किंचित वाकलेली हवीत. फोमच्या पहिल्याच सेशनला ५६.० लागली. प्रोटेक्टरवरचं माझं मत तिथे बदललं. तो चांगलाच आहे, पण मी त्याच्याकडून सीटचं काम करून घेत होते.

दुसरी चूक स्कूटरची. वीस वर्षांच्या सवयीने मी वळणात आत झुकायचे. कार्टमध्ये हे उलटं पडतं. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर असतात, मध्ये दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल नसतो. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, पण दोन्ही एकाच गतीने फिरतात, म्हणून आतलं मागचं चाक हलकं होऊन उचललं जावं लागतं. नाहीतर ते फरफटतं आणि वेग खातं. पुढच्या चाकांची मांडणीच अशी केलेली असते की स्टीअरिंग वळवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि चौकट तिरकी होऊन मागचं आतलं चाक सुटतं. आपण आत झुकलो की आपलंच वजन ते चाक परत जमिनीवर दाबतं. पाठ सीटला लावून ताठ बसायला मला तीन सेशन लागली. तीही तेव्हाच जमली जेव्हा फोमने धरून ठेवलं आणि कवचाने कुशीची काळजी घेतली.

ब्रेकचं थोडक्यात सांगते. आमच्या भाड्याच्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलवर आहे. वळणात शिरल्यावर दाबला की मागची बाजू फिरते. सरळ रेषेत असतानाच डाव्या पायाने ठाम दाबायचा आणि वळताना सोडत जायचा. तो पाय मग ब्रेकवर टेकवून ठेवायचा नाही. इंजिन होंडाचं जीएक्स २०० आहे, १९६ सीसीचं, पाण्याच्या पंपांवर बसतं तेच. गिअर नाहीत. एकदा वेग गेला की तो परत यायला अख्खी सरळ पट्टी जाते. म्हणून टायर किंचाळले की मला आता ६० रुपयांच्या लॅपमधला वेळ गेल्याचं ऐकू येतं. हेअरपिनला मी पूर्वी आत लवकर शिरून बाहेर पडताना अडकायचे. आता उशिरा वळते, आतली कड वळणाचा निम्मा भाग गेल्यावर गाठते आणि ॲक्सिलरेटर एकदा दाबला की सोडत नाही. पुढे ट्रॅकची सगळ्यात लांब सरळ पट्टी आहे, त्यामुळे इथला फायदा शेवटपर्यंत पुरतो.

एका सेशनला एकच गोष्ट करायची, हा नियमही पैशांमुळेच आला. सहाशे रुपयांत सगळं सुधारायला गेलं की काहीच हाती लागत नाही. पहिल्या दोन लॅप टायर गार असतात, त्या मी वळणं कुठून घ्यायची ती रेषा बघण्यात घालवते. सेशनच्या लॅपवेळांच्या छापील चिठ्ठीवर आता सर्वांत जलद लॅपआधी सर्वांत जलद आणि सर्वांत हळू लॅपमधला फरक बघते. जानेवारीत तो तीन सेकंदांचा होता, आता एकाच्या आत आहे.

आता पट्टा. दुकानाला मी बिल आणि सहा फोटो पाठवले. तीन दिवसांनी फोन आला: “मॅडम, वेल्क्रो हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत येत नाही.” वेल्क्रो झिजलेलाच नव्हता! तो आजही इतका घट्ट चिकटतो की दोन हातांनी ओढावा लागतो. सुटली होती ती शिलाई. पाच सेंटिमीटरचा पट्टा कवचाच्या कापडाला सरळ शिलाईच्या एका ओळीवर जोडला होता. शाळेच्या दप्तराचा बंद बघा, तिथे चौकोन शिवून आत फुली मारलेली असते. माझी तोपर्यंतची अठरा सेशन, प्रत्येकी दहा लॅप, लॅपमागे सात उजवी वळणं: १,२६० वेळा तो पट्टा ताणला गेला. बरगड्या वाचवणाऱ्या वस्तूत जिथे ताण येतो तिथेच धागा वाचवला, याचा मला राग आहे आणि तो गेलेला नाही. दुकानाने नव्या प्रोटेक्टरवर दहा टक्के सवलत देऊ केली. मी घेतली नाही. लेखी तक्रारीला अजून उत्तर नाही.

प्रोटेक्टर घेऊन मी पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी उसवलेली जागा बोटाने चाचपली आणि विचारलं, “हे कुठल्या बाजूला ओढलं जातं?” दुकानातल्या एकानेही मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी खुर्चीत बसून वळण घेऊन दाखवलं. त्यांनी आतून जाड पट्टीचा तुकडा लावला, नायलॉनच्या दोऱ्याने चौकोन आणि फुली शिवली, आणि उजवा पट्टा शाबूत असूनही तोही तसाच पक्का करून दिला. १५० रुपये. त्यावर दहा सेशन झाली, एक टाका हललेला नाही.

घ्यावा का, तर हो, बारीक अंगाच्या माणसाने नक्की घ्यावा. फक्त दुकानात पट्टे उलटे करून शिलाई बघा. उन्हाळ्यात आतला फोम घामाने भिजतो, म्हणून प्रत्येक वेळी उलटा करून सावलीत वाळवा. खाली पातळ सुती बनियन घाला, नाहीतर काखेत सोलवटतं. आणखी एक, जे मला आधी कळायला हवं होतं: कार्टिंगमध्ये अंगावर घालायच्या संरक्षक कवचांसाठी एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेचं ८८७०-२०१८ हे मानक आहे, आणि माझ्या प्रोटेक्टरवर ते लेबल नाही. शनिवारच्या सेशनपुरतं मी हाच वापरीन. पण माझा भाचा अकरा वर्षांचा आहे आणि कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या होतात हे कळल्यापासून त्याला तिथे उतरायचं आहे. त्याच्यासाठी मी लेबल बघूनच घेईन, मग दुप्पट पैसे पडले तरी चालतील.

गेल्या शनिवारी सात नंबरची कार्ट मिळाली. ५४.४ लागली.