काथ्याच्या कुंड्या: कलिंगडाला भारी, मिरचीला कशाला?

ऑनलाइन मागवलेल्या तीन इंची काथ्याच्या कुंड्या यंदा वापरल्या, आमचं परभणीकडं, काळी जमीन, बोअरचं जड पाणी, त्या हिशोबानं वाचा. पाकिटावर लिहिलंय कुंडीसकट लावा, मातीत कुजून जाते. कुजते ना, पण ओल असली तर! इकडं मार्च लागला की काळी माती भेगाळायला लागते, कोरड्यात काथ्या काय कुजणार. ड्रीपरच्या (ठिबकच्या तोटीच्या) बुडाशी लावलेली एक कुंडी उकरून बघितली, मस्त मऊ पडलेली आणि पांढरी मुळी आरपार बाहेर आलेली, अन् ड्रीपरपासून वीतभर लांब राहिलेली तशीच कडक, मुळ्या आतल्या आत अडकलेल्या, वेल खुरटलेला.

कड मातीच्या वर अजिबात ठेवू नका, ती वातीसारखी ओल वर ओढते आणि उन्हात सगळी उडून जाते. कड फाडून टाका नाहीतर कुंडी पूर्ण गाडा. लावायच्या आधी पाण्यात बुडवून घ्यायची, बूड जरा फाडायचं, हे पाकिटावर कुठंच नाही.

रोप लहान असताना पाणी लई लागतं, कुंडीला चारी बाजूनं हवा लागते ना. प्लास्टिक पिशवीला एकदा दिलं तर हिला दोनदा, आणि शेडनेट पाहिजेच. आमच्या पाण्यानं कुंड्यांवर बाहेरून पांढरा क्षारही धरला. काथ्यात मुळातच मीठ असू शकतं म्हणून भरायच्या आधी एक-दोन पाण्यानं धुऊन काढलेल्या बऱ्या.

फायदा कुठं दिसला तर कलिंगड, खरबूज, काकडी, दोडका, ज्यांना मुळ्या हलवलेल्या चालत नाहीत त्यांना. लावल्यावर रोप मान टाकत नाही, डायरेक्ट वाढीलाच लागतं. मिरची-टोमॅटो-वांग्याला मात्र पैसे घालू नका, ती रोपं वाढवायच्या ९८ कपाच्या ट्रेमधून काढून लावली तरी पटकन धरतात. शेणाच्या कुंड्यापण एकानं दिल्या होत्या, उचलायला गेलं की हातातच फुटतात.

माल ठीक आला, दोन-चार चेपलेल्या होत्या. परसबागेत किंवा पाच-दहा आळी वेल लावणाऱ्यानं बिनधास्त घ्या, मी बी परत घेणार. पण कलिंगडाला एकरी पाच-सहा हजार रोपं लागतात, तेवढ्या कुंड्यांचा खर्च काढून बघा, त्यापेक्षा नर्सरीत ट्रेमधली रोपं बुक केलेली परवडतात.