पोलीस लिलावातली स्प्लेंडर आणि एक कपाट: एक पावसाळा वापरून झाल्यावर

‘पोलीस लिलावात गाडी खरंच स्वस्त मिळते का हो?’ दुकानात युरिया न्यायला आलेला माणूसही आता बाहेर उभी असलेली गाडी बघून हे विचारायला लागलाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागातला. खतं-औषधांचं दुकान आहे, थोडं आलं आणि घेवडा करतो. घेतलेल्या वस्तू दोन. ठाण्यातल्या बेवारस वाहनांच्या लिलावातली २०१४ सालची स्प्लेंडर, आणि पोलिसांच्याच निर्लेखित (निरुपयोगी ठरवून नोंदीतून काढलेल्या) सामानाच्या लिलावातलं एक लोखंडी कपाट. गाडी रोज वापरात आहे. कपाटाबद्दल शेवटी थोडक्यात लिहितो, कारण त्याने काही त्रासच दिला नाही.

लोकांच्या डोक्यात ‘पोलीस लिलाव’ म्हणजे एकच प्रकार असतो. तसं नाही. एक माल खात्याचा स्वतःचा: जुनी कपाटं, टेबलं, टायर, बॅटऱ्या, मोडके पंखे. जडसंग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरात) त्याची नोंद असते, निर्लेखन समिती ‘आता निरुपयोगी’ असा शेरा मारते आणि मग विक्री होते. दुसरा माल बेवारस किंवा गुन्ह्यात जप्त झालेला, म्हणजे खात्याचा नसलेला, फक्त ताब्यातला. पहिल्या प्रकारात पैसे भरा, उचला, विषय संपला. दुसऱ्यात मालकी सिद्ध करणारा प्रत्येक कागद जुळला पाहिजे.

बऱ्याच जणांना पोलिसांची जुनी जीप हवी असते. ते स्वप्न आता सोडा. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द होते आणि त्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात तोडायला जातात. रस्त्यावर पुन्हा चालवायला म्हणून त्या मिळत नाहीत. मोठे भंगार लॉट बहुतेक एमएसटीसीच्या ऑनलाइन लिलावात जातात. ही केंद्र सरकारची कंपनी, १९६४ पासूनची, भंगाराच्या व्यापारासाठीच काढलेली. तिथे तुमच्या-आमच्यासारख्या एका गाडीच्या गिऱ्हाइकाचं काम नाही.

आणखी एक गल्लत. वाळूचे पकडलेले ट्रॅक्टर-डंपर तहसीलदार विकतात, महसूल कायद्याखाली. दारूबंदी कायद्यात पकडलेल्या गाड्यांमध्ये राज्य उत्पादन शुल्क खातं असतं. कर थकलेल्या गाड्या आरटीओ विकतं. पाहायला सगळ्या गाड्या एकाच कुंपणात गाजरगवतात उभ्या असतात, पण विकणारा वेगळा म्हणजे कागद वेगळा. ‘साहेब, लिलाव कोणत्या आदेशाने आहे?’ हा पहिला प्रश्न. किंमत त्यानंतर विचारायची.

माझ्या गाडीचा प्रवास असा. रस्त्याकडेला सापडली, पंचनामा झाला, चेसिस नंबरवरून आरटीओकडून मालकाचं नाव काढलं, नोटीस गेली आणि ‘पत्त्यावर राहत नाही’ म्हणून परत आली. असं फार वेळा होतं, कारण आपल्याकडे गाडी तीन हातांतून फिरते आणि नाव पहिल्याचंच राहतं. मग जाहीर प्रकटन. महाराष्ट्र पोलीस कायद्यात कलम ८२ पासून पुढे बेवारस मालाची ही रीत दिली आहे आणि हक्क सांगायला ठराविक मुदत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणेच, ही मुदत सहा महिने आहे. सर्वोच्च न्यायालयाने तर २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगून ठेवलंय की जप्त गाड्या ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवू नका, फोटो-पंचनामा करा, बंधपत्रावर परत द्या, कोणी नेत नसेल तर विका. नव्या संहितेत मुद्देमालाचे फोटो-व्हिडिओ काढून ठराविक दिवसांत निकाली काढायची तरतूद आली आहे. एवढं सगळं असून ठाण्यांच्या आवारात गाड्यांवर वेल का चढतात, हे मात्र मला कोणी सांगू शकलं नाही. टायर विरघळायच्या आत गाडी विकली तर सरकारलाच चार पैसे जास्त मिळतील, हे कळायला लिलावात बसावं लागत नाही.

लिलावाच्या दिवशी अनामत भरून नाव लिहिलं. गाड्या दोन रांगांत होत्या. एका रांगेला ‘भंगार’ शेरा, दुसरीला पुन्हा नोंदणी होऊ शकेल असा. मोटार वाहन निरीक्षकाने मूल्यांकन करून ठेवलं होतं, सरकारी बोली तिथून सुरू. भंगारवाले मंडळी सगळी एकमेकांच्या ओळखीची. त्यांना नग नको असतात, सगळा ढीग वजनावर हवा असतो. ‘एकेक कशाला करताय साहेब, पूर्ण लॉट बोला,’ असा त्यांचा घोशा चालला होता. पूर्ण लॉट बोलला गेला असता तर मी तिथूनच घरी आलो असतो. साहेबांनी दुसरी रांग सुटी बोलायची ठरवली, म्हणून आमच्यासारखे चारपाच जण टिकले.

गाडी आधीच हेरून ठेवली होती. आदल्या दिवशी पाहणीला सोडतात, तो दिवस चुकवायचा नाही. सोबत आमचा मेकॅनिक, वय पंचविशीचं पण हात पक्का. त्याने इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. आधी हेडलाइटच्या काचेत वाकून बघितलं, मग सीट काढून खालचा पत्रा बोटाने पुसला, मग एअर फिल्टरची डबी उघडली. डबीत उंदराचं घरटं निघालं, चिंध्या आणि शेंगांची टरफलं. ते बघून गडी खूश.

‘नाना, ही गाडी भिजलीया, बुडली नाय. बुडाली असती तर हितं गाळ बसला असता, उंदीर नसता ऱ्हायला. भिजलेली उठती, बुडालेली नाय उठत.’

हे सांगली-मिरजेकडच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावं. २०१९ आणि २०२१ चा महापूर अंगावर घेतलेल्या गाड्या तिकडे अजून बाजारात फिरतात. हेडलाइटच्या आत मातीची आडवी रेघ दिसली की बोली कितीही खाली असो, हात वर करू नका.

मेकॅनिकने इंजिन नंबर क्रँककेसवरून आणि चेसिस नंबर हँडलखालच्या पाइपवरून घासून स्वच्छ वाचला, मी मोबाइलवर एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नोंदणी क्रमांक टाकून ताडून बघितलं. नाव, साल, इंजिन नंबर जुळले. फायनान्सचा बोजा नव्हता. असता तर मी पुढे गेलो नसतो, कंपनीची एनओसी आणायला कोण बसणार? एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) साइटवर गाडी चोरीची नोंदलेली आहे का तेही बघता येतं, ते केलं. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिकवर दोन जुनी ई-चलनं निघाली, दोन्ही विनाहेल्मेट. गाडी कुणाची, डोकं कुणाचं आणि दंड कुणी भरायचा! ती रक्कम मनातल्या बोलीतून वजा करून ठेवली.

एक वार, दोन वार, तीन वार. ११,५०० ला सुटली. पैसे चलनाने शासन जमा, रोखीचा विषय नाही. पावती मिळाली आणि इथून खरं काम सुरू झालं.

नेहमीच्या खरेदी-विक्रीला आपण फॉर्म २९ आणि ३० भरतो. लिलावातल्या गाडीला ते चालत नाहीत, कारण सही करायला विकणारा मालकच नसतो. त्याला फॉर्म ३२, आणि तोही ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत. सोबत दोन कागद लागतात: विक्री तुमच्या नावे कायम केल्याचं लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचं प्रमाणपत्र, आणि लिलावाला परवानगी देणाऱ्या आदेशाची साक्षांकित प्रत. लोक पैशाची पावती घेऊन घरी जातात आणि हे दोन कागद मागायला महिन्याने परत येतात. तोवर साहेबांची बदली झालेली असते. मी मुद्देमाल कारकुनांसमोर खुर्ची ओढून बसलो. माणूस सज्जन. म्हणाले, ‘आजवर आदेशाची प्रत मागणारे तुम्ही पहिलेच दिसताय.’ चहा त्यांनीच पाजला. पत्रात इंजिन नंबर, चेसिस नंबर, नोंदणी क्रमांक तिन्ही लिहून घेतले, आणि मूळ आरसी उपलब्ध नाही हे वाक्यही घालून घेतलं. नंबरातला एक शून्य ‘ओ’ झाला होता, तो तिथल्या तिथे दुरुस्त करून बाजूला सही घेतली. त्या शून्यासाठी आरटीओच्या खिडकीवरून परत फिरावं लागलं असतं.

माझी गाडी एमएच ११ चीच, त्यामुळे बाहेरच्या जिल्ह्याच्या एनओसीची भानगड नव्हती. नंबर प्लेट नसलेली किंवा खोटा नंबर निघालेली गाडी असेल तर नियम असा की आरटीओ आधी लिलाव करणाऱ्या सरकारी खात्याच्या नावाने नवा नंबर देतं आणि मग तुमच्या नावावर चढवतं. कायदेशीर आहे, होतं, पण तेवढा दम असणाऱ्यानेच त्या वाटेला जावं. मी गेलो नसतो.

नाव लागेपर्यंत गाडी रस्त्यावर आणली नाही. छोट्या टेम्पोत टाकून गॅरेजला नेली. टाकी उलटी केली तर राकेलच्या वासाचं तांबडं पाणी पडलं आणि मागोमाग गंजाचे पापुद्रे. टाकी धुऊन घेतली, कार्बोरेटर किट, दोन्ही टायर-ट्यूब (१८ इंची २.७५, कुठेही मिळतात), बॅटरी, चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेट, सगळ्या केबल, उंदराने कुरतडलेलं वायरिंग. इंजिन खोललं नाही. ऑइल बदलून, प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून रात्रभर ठेवलं आणि सकाळी किक मारत बसला. धूर निघाला, गाडी आली. गॅरेजचा सगळा हिशेब नऊ हजारांच्या आत बसला. वरून थर्ड पार्टी विमा, ७१४ अधिक जीएसटी, मालकाचं अपघात संरक्षण वेगळं. एचएसआरपी (सक्तीची सुरक्षा नंबर प्लेट) पाटी ४५० अधिक जीएसटी. पीयूसी, टेम्पोभाडं, फी, ती दोन चलनं. हे सगळं धरून तेवीस हजारांच्या घरात गेलं. त्याच सालची नावावर असलेली, चालती स्प्लेंडर इकडे तीसच्या खाली मिळत नव्हती. म्हणजे वाचले सातआठ हजार, आणि त्यासाठी घातलेला वेळ धरायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला हा सौदा परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. खाडे पडले की वाचलेले पैसे तिथेच गेले.

वापराचं सांगायचं तर ९७ सीसीची गाडी जेवढं करायची तेवढं करते. आल्याच्या बियाण्याचं पोतं मागे टाकून शेतातल्या वाटेने जाते. संगम माहुलीवरून साताऱ्याला, आठवड्याच्या बाजाराला रहिमतपूरला, एकदा हौसेने यवतेश्वरचा घाट चढवून कासच्या रस्त्यालाही नेली. घाटात दुसऱ्या गिअरवर कण्हते पण गरम होऊन थांबली नाही. ॲव्हरेज पंचावन्नच्या आसपास. पावसाळ्यात दोन गोष्टींनी डोकं खाल्लं. टाकीतला उरलेला गंज थोडा थोडा खाली यायचा आणि गाडी नेमकी चढावर धापा टाकायची. पेट्रोलच्या नळीत वीस-तीस रुपयांचा फिल्टर बसवल्यावर ते थांबलं. दुसरं, पुढच्या शॉकअपचे रॉड. वर्षानुवर्षं एका जागी उभी राहिल्यामुळे रॉडवर गंजाचे ठिपके पडले होते, त्यांनी नवी ऑइल सीलं महिन्या-दीड महिन्यात फाडली. शेवटी रॉडच बदलले. पाहणीच्या दिवशी रॉडवरून बोट फिरवून बघा, खरखरीत लागला तर तेवढे पैसे बाजूला ठेवा.

टाकीवर ठाण्याने पांढऱ्या ऑइल पेंटने बेवारस नोंदीचा नंबर टाकला होता. थिनरने घासला तरी वाकून बघितलं की दिसतो. नाक्यावर एका हवालदारांनी तो ओळखला आणि गाडी बाजूला घ्यायला लावली. आरसी माझ्या नावाची होती, डिजिलॉकरमध्ये दाखवली, हसून सोडलं. सुरुवातीला लिलावाच्या पत्राची झेरॉक्स डिकीत ठेवायचो, आता गरज पडत नाही.

कपाट: चार फळ्या, आत लॉकर, पत्रा आजच्या फर्निचरच्या दुकानातल्यापेक्षा दुप्पट जाड. पाठीवर जडसंग्रहाचा नंबर. लॉकरची किल्ली नव्हती, साताऱ्यातल्या कुलूपवाल्याने उघडून नवी दिली, आत कोरा कार्बन पेपर निघाला. दुकानाचे परवाने आणि बिलबुकं त्यात ठेवतो. उचलायला चार गडी लागतात, एवढीच तक्रार. असं सामान मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, यात आरटीओ नाही.

गाडीचं मात्र तसं म्हणणार नाही. पाहणीला जाणारा मेकॅनिक ओळखीचा असेल, लिलाव सुटा असेल आणि आदेशाची प्रत हातात मिळत असेल तरच जा. ‘कागद नंतर देतो’ असं कोणी म्हणालं तर अनामत परत घ्या आणि बाजारातली नावावरची गाडी बघा. पुढच्या लिलावात एक तीनचाकी मालवाहू टेम्पो येणार असं ऐकतोय. परमिट, फिटनेस, कर अशी तिची वेगळी शेपटं आहेत. ती आधी मोजून बघतो, मग अनामत भरायची की नाही ते ठरवेन.