सिएटलची मतमोजणी, पुण्यात बसून: साडेचार स्टार

रिव्ह्यू हॉटेलचा नाही, आधीच सांगतो, नाहीतर खाली विचारत बसाल पार्किंग आहे का. रिव्ह्यू आहे किंग काउंटी इलेक्शन्सच्या वेबसाईटचा. किंग काउंटी म्हणजे अमेरिकेत सिएटल शहर ज्या काउंटीत, आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, येतं ती, आणि तिथल्या निवडणूक खात्याची ही साईट. फुकट आहे, लॉगिन नाही, ओटीपी नाही, सदाशिव पेठेतूनही उघडते.

मी बघितली ती नोव्हेंबर २०२५ च्या महापौर निवडणुकीला, ब्रूस हॅरेल विरुद्ध केटी विल्सन. कारण मावसबहीण तिथली मतदार आहे, आणि ती खरोखर सिएटल शहरात राहते. हे मुद्दाम लिहितोय, कारण आपल्याकडचे बरेचजण राहतात शेजारच्या बेलव्ह्यू नाहीतर रेडमंड शहरात आणि सांगतात सिएटल, त्यांना या निवडणुकीत मतच नाही. हिंजवडीत राहून "पुण्यात असतो" म्हणायचं आणि महापालिकेच्या मतदानाला ग्रामपंचायतीत घरी बसायचं, तोच प्रकार.

आमच्या बाबांचा पहिला प्रश्न होता, चिन्ह काय? चिन्ह नाही बाबा, पक्षच नाही मतपत्रिकेवर, नुसती दोन नावं. ऑगस्टमध्ये एक फेरी होते, त्यातले पहिले दोघे नोव्हेंबरला पुढे जातात, आणि लोक थेट महापौर निवडतात, नगरसेवक निवडून मग त्यांनी आतल्या आत ठरवायचं असं नाही. तसे दोघेही डेमोक्रॅट विचारांचेच. हॅरेल तेव्हा २०२२ पासून महापौर होते, त्याआधी बरीच वर्षं शहराच्या कौन्सिलमध्ये. विल्सन बाईंनी बसने फिरणाऱ्या लोकांची संघटना काढलेली, स्वतःची गाडी नाही, भाड्याच्या घरात राहतात. पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या सिटी बसच्या, प्रवाशांसाठी भांडणारी बाई महापौर व्हायला उभी राहिली असं समजा, बाबा तिथेच तिच्या बाजूने झाले. आणि तेव्हा आपल्याकडे पुणे महापालिकेत काय होतं, तर मार्च २०२२ पासून प्रशासक, महापौरच नाही, त्यामुळे दुसऱ्यांचा महापौर बघण्यात आम्हाला जास्तच इंटरेस्ट.

आता मेन माल, म्हणजे मोजणी. तिथे मतदान सगळं पोस्टाने. मतपत्रिका घरी येते, भरायची, पाकिटावर सही करायची आणि पोस्टात नाहीतर रस्त्यावरच्या ड्रॉप बॉक्समध्ये टाकायची, तिकीटही लावावं लागत नाही. ४ नोव्हेंबरला रात्री आठला बॉक्स बंद आणि सव्वाआठला पहिला आकडा. आपल्याकडे ५ तारखेची सकाळ, पावणेदहा, त्रिपुरी पौर्णिमा, सुट्टी, घरात सगळे. आकडा आला, हॅरेल ५३ टक्के, विल्सन ४६. बाबा म्हणाले संपलं, आणि पेपर घेऊन गॅलरीत गेले. मावसबहिणीचा मेसेज, काका थांबा, आमच्याकडे आत्ता कुठे सुरुवात झालीय.

आणि इथे ही साईट खरी कळते. त्यानंतर आकडा दिवसातून एकदाच देतात, त्यांच्या दुपारी चारच्या सुमाराला, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. एकदाच! मध्ये काही नाही. ब्रेकिंग नाही, "अमुक आघाडीवर तमुक पिछाडीवर" म्हणत ओरडणारं कोणी नाही, चौकटीत सहा माणसं भांडत नाहीत. रिफ्रेश करा, आकडा वाचा, चहा टाका, उद्या या. मला हे प्रचंड आवडलं, आमच्या घरात निकालाच्या दिवशी टीव्हीच्या आवाजावरून जी भांडणं होतात ती बघता तर फारच.

आणि मजा बघा, हळूहळू हॅरेलची लीड खाली. कारण सिएटलमध्ये उशिरा मत टाकणाऱ्यांत तरुण आणि डावीकडचे जास्त असतात, आणि शेवटच्या दिवशीचा शिक्का असलेलं पाकीट नंतर पोचलं तरी धरतात. सोमवारी १० तारखेच्या आकड्यात विल्सन पुढे गेल्या, किती, तर ९१ मतांनी. अडीच लाखांवर मतं आणि फरक ९१! ९१ मतं तर आमच्या सोसायटीत आणि शेजारच्या सोसायटीत मिळून निघतील. बाबा तळजाई टेकडीवर फिरायला निघालेले, बूट घालून दारातच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी १,३४६. गुरुवारी हॅरेलनी हार मान्य केली. शेवटचा फरक दोन हजारांच्या जरासा वर राहिला. तिथल्या नियमाने फेरमोजणी आपोआप होते ती फरक दोन हजारांच्या आत आणि शिवाय अर्ध्या टक्क्याच्याही आत असेल तर, इथे दोन्ही हुकलं, त्यामुळे विषय संपला. २००५ नंतर सिएटलने कुठल्याच महापौराला परत निवडून दिलेलं नाही, हॅरेलही त्याच रांगेत गेले.

अजून एक फीचर, कॅमेरे. मोजणी रेंटन नावाच्या गावात होते आणि तिथले कॅमेरे साईटवर लाईव्ह दिसतात. माणसं पाकिटं उघडतायत, ट्रे इकडून तिकडे नेतायत, बस. इतकं बोअर की बघतच राहावं. आईने पाच मिनिटं बघून विचारलं हे काय पोस्ट ऑफिस आहे का, आणि भाजी निवडायला गेली. पण मोजणीवर संशय असेल त्याला हा चांगला उपाय आहे, या आणि बघा, शंका घ्यायलाही पेशन्स लागतो.

आपलं पाकीट कुठे पोचलं ते मतदाराला कुरिअरसारखं ट्रॅक करता येतं. सही रेकॉर्डशी जुळली नाही तर मत थेट कचऱ्यात नाही, खातं मतदाराला कळवतं, मग सही दुरुस्त करून पाठवायची, त्याला मुदत असते. अशी अडकलेली पाकिटं सोडवायला चुरशीच्या निवडणुकीत दोन्हीकडचे कार्यकर्ते दारोदार फिरतात. मावसबहिणीची सही लग्नाआधीची एक नंतरची एक, तिला हीच धाकधूक, पण तिचं मत पहिल्या फटक्यात पास झालं.

आता अर्धा स्टार कुठे गेला. साईट नुसते आकडे देते. उशिराची मतं कुठे झुकतात हे ती सांगणार नाही, सरकारी खात्याने सांगूही नये हे मान्य, पण नवखा माणूस पहिल्या रात्रीचं ५३-४६ बघून लॅपटॉप मिटवतो आणि आठवडाभर चुकीची बातमी सांगत हिंडतो. गॅलरीत पेपर घेऊन गेलेल्यांबद्दल मी काही बोलत नाही. निदान "ही सुरुवात आहे, बरीच मोजणी बाकी आहे" असं मोठ्या अक्षरात वरच टाका की राव.

एक गोष्ट या साईटची नाही, सिएटल शहराची आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे रहिवाशांना २५ डॉलरची चार व्हाउचर मिळतात, आवडीच्या उमेदवाराला देणगी म्हणून द्यायची, पैसा प्रॉपर्टी टॅक्सवरच्या खास आकारणीतून. आणि ग्रीन कार्डवाल्यालाही मिळतात, ज्याला मत नाही! मावसबहिणीचा नवरा, म्हणजे आमचे जावई, ग्रीन कार्डवर, मत देता येत नाही पण देणगी देऊन मोकळे. बायकोचं मत एकीकडे आणि ह्यांची व्हाउचरं दुसरीकडे, घरात आठवडाभर शांतता होती म्हणे.

कोणाला बघायचं असेल तर पुढची महापौर निवडणूक २०२९ ला. ऑगस्टच्या फेरीत तिकडची घड्याळं एक तास पुढे असतात, म्हणजे रोजचा आकडा आपल्या पहाटे साडेचारला येणार, आणि नोव्हेंबरला परत साडेपाच. अलार्म त्या हिशोबाने लावा.